ताईंच्या फ्रिजमधलं औषध

माझ्या नणंदबाई वाईट आहेत असं मला कधीच म्हणता आलं नाही, आणि तीच माझी खरी अडचण होती. वाईट असत्या तर चारचौघींत बसून त्यांच्या नावानं बोटं मोडली असती, मन मोकळं झालं असतं. पण बाई सरळ. माझ्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे होते अन् ताई पंधराच्या. शाळा सोडून त्यांनी भावाला वाढवलं. पुढं त्यांना जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातच दिलं, माहेरापासून तीन गल्ल्या पलीकडे, म्हणजे भाऊ डोळ्यांसमोरून हलला नाही. मूलबाळ झालं नाही, यजमान लवकर गेले. मग तर काय, भाऊच सगळं. आता अशा बाईचा हेवा करायचा म्हणजे माणसानं किती खाली उतरायचं? मी उतरले. लग्न होऊन जबलपूरला आले त्या वर्षीच उतरले, अन् चौतीस वर्षं तिथंच बसून राहिले.

हे बोलायचे नाहीत. म्हणजे माझ्याशी. खमरियाच्या फॅक्टरीत सुपरवायझर झाले ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही ताई पेढे घेऊन आल्या म्हणून. दर रविवारी सकाळी दीक्षितपुऱ्यात जायचं, तिथं पोटभर पोहे खायचे, अन् बारा वाजता घरी येऊन मला सांगायचं, आज जरा कमीच वाढ. चौतीस वर्षांत किती रविवार होतात ते मी मोजले नाहीत. मोजले असते तर वेड लागलं असतं. तोंडावर मी "या ना ताई, बसा ना ताई" करायचे. मनात काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पायाचं दुखणंही असंच माझ्यापर्यंत सगळ्यांत शेवटी आलं. चालताना ह्यांची उजवी पोटरी भरून यायची. दोनशे पावलं झाली की थांबायचं, कुण्या दुकानाची पाटी वाचत असल्याचं सोंग करायचं, कळ उतरली की पुढं निघायचं. दीड वर्ष हे चाललं होतं. ताईंना ठाऊक होतं. मला वाटायचं, रिटायर झाल्यापासून माणूस दुकानांच्या पाट्या वाचायला लागला. चलो, काहीतरी वाचून तर राहिला.

शुगर जुनीच होती. बिडी त्याहून जुनी. दारूगोळ्याची फॅक्टरी, त्यामुळं बिडी-काडीपेटी गेटावर काढून ठेवावी लागायची, झडती व्हायची. म्हणजे ड्यूटीचे आठ तास हा माणूस बिडीवाचून सुखानं जगायचा, अन् घरी पाय ठेवला की आठ मिनिटं निघायची नाहीत. मी म्हणायचे, घरालाच फॅक्टरी समजा. हे हसायचे अन् पेटवायचे.

आता पाडव्याचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते, ओवाळते. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, तो बहिणीचा दिवस. ह्यांचा उत्साह कोणत्या दिवशी जास्त असायचा ते विचारूच नका. पाडव्याला दंड धरून पाटावर बसवावं लागायचं. भाऊबीजेला मात्र पहाटेच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. त्या वर्षी मी मनात धरलं होतं की असा पाडवा करीन की दुसऱ्या दिवशीची भाऊबीज फिकी पडली पाहिजे. उटणं घरी कांडलं. तेल कोमट केलं. गॅसवर दोन मोठी पातेली पाणी चढवलं.

तेल चोळता चोळता उजव्या पावलावर हात गेला अन् मी चरकले. माठाच्या बुडासारखं गार होतं. डावं पाऊल चांगलं ऊन, हे एकच गार. मी म्हटलं, अहो, पाय किती थंड पडला. हे म्हणाले, थंडीचे दिवस आहेत. आमच्या रांझीत, फॅक्टरीकडच्या वस्तीत, दिवाळीच्या सकाळी गारठा असतोच, मला पटलं. मग मी घंगाळात कढत पाणी ओतलं, तो पाय धरून आत ठेवला अन् विचारलं, पोळत तर नाही ना? म्हणाले, काहीच नाही वाटून राहिलं, टाक अजून. मी टाकलं. बोट घालून बघितलं होतं मी. पण माझी बोटं तव्यावरची पोळी उलथन्याशिवाय उलटणारी, त्यांना काय कळणार. चांगली पंधरा मिनिटं मी त्या पायावर कढत पाणी सोडत बसले. खूश होऊन बसले होते. कारण लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांनी पाटावरून उठायची घाई केली नव्हती.

पुढं डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा कळलं. ज्या पायात रक्त पोहोचत नाही त्याला कधी शेकायचं नसतं. शुगरनं पोळल्याचं कळत नाही, अन् रक्त नाही म्हणून पोळलेलं भरून येत नाही. आता मला सांगा, दीड वर्षापासून पाय धड नाही हे बहिणीला ठाऊक, अन् रोज त्याच घरात राहणाऱ्या बायकोला नाही, यात चूक कुणाची? माझी तर आहेच. पण सगळी माझी नाही. हा राग मी अजून गिळलेला नाही.

भाऊबीजेला मी दीक्षितपुऱ्यात गेले नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. हे संध्याकाळी परत आले, खुर्चीत बसले, अन् म्हणाले, ताई म्हणते पाय डॉक्टरला दाखव. मी मोजा काढला. अंगठा अन् त्याच्या शेजारचं बोट, तिथपासून तळव्याच्या कडेपर्यंत फोड आला होता, पाण्यानं टचटचीत भरलेला. मी ओळखलं. ह्यांनीही ओळखलं होतं. मी विचारलं, ताई काय म्हणाल्या? तर म्हणाले, काही नाही. ओवाळणीला पाटावर बसताना मोजे काढले असतील, म्हणजे माझ्या हातचा फोडही आधी ताईंनीच पाहिला.

डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं. मी पटकन म्हटलं, नवा जोडा चावला. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, जूते से ऐसा होता तो नहीं, पर चलिए. हे टेबलावर पडल्या पडल्या छताकडे बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. त्या वेळी मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत भीती वाटायला लागली, कारण मला न सांगितलेली गोष्ट हा माणूस कुठं सांगतो ते मला पक्कं ठाऊक होतं.

फोड फुटला, जखम झाली. महिन्याभरात ती दोन्ही बोटं काळी पडत चालली. आता चालायची गरजच उरली नव्हती, बसल्या जागी दुखायचं. आडवं झालं की जास्त. पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला तरच जरा आराम, म्हणून हे बसूनच झोपायचे, अन् पाऊल सुजून लाल व्हायचं. शेवटी शहरात, ओमती बाजाराच्या पलीकडच्या एका इस्पितळात भरती केलं. तिथं रक्ताच्या नळ्यांचा फोटो काढला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. गुडघ्यापर्यंत नळी नीट दिसत होती, खाली कुणी पुसून टाकल्यासारखी. फुगा घालून उघडायचा प्रयत्न केला तर तारच पुढं सरकेना. बायपास जोडायला खाली धड नळी नाही. मग डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं, मला अन् ताईंना, अन् सांगितलं की दोन रस्ते आहेत. एक तर गुडघ्याखालून पाय काढायचा. नाहीतर एक औषध आहे, ते ड्रिपमधून रोज द्यायचं, दोन-तीन आठवडे. त्यानं बारक्या नळ्या मोकळ्या होतात, दुखणं कमी होतं, जखम भरायला मदत होते. पण पाय वाचेलच असं मी लिहून देणार नाही, म्हणाले. कुणाचा वाचतो, कुणाचा नाही.

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, औषध सुरू करा.

मीही तेच म्हणणार होते. पण म्हणाल्या त्या.

औषध ओमतीच्या दुकानात नव्हतं, दुकानदारानं नागपूरहून मागवून दिलं. थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून आलं. इवल्या इवल्या काचेच्या कुप्या, अन् सतत फ्रिजमध्येच ठेवायच्या. वॉर्डात फ्रिज होता. सिस्टर म्हणाली, इथं ठेवा. ताई म्हणाल्या, नको, माझ्या घरी इन्व्हर्टर आहे, अन् घर दहा मिनिटांवर. खरं होतं ते. आमचं घर रांझीला, तिथून ऑटोनं यायचं म्हणजे पाऊण तास, अन् दिवे गेले की गेले. मी काय बोलणार? बोलायला जागाच ठेवायची नाही ही बाई. झालं, माझ्या नवऱ्याचा पाय दीक्षितपुऱ्यातल्या फ्रिजमध्ये जाऊन बसला, लिंबाच्या लोणच्याशेजारी.

मग रोज नवाच्या ठोक्याला ताई हजर. हातात स्टीलचा थर्मास, त्यात बर्फ, बर्फात रुमालात गुंडाळलेल्या दिवसाच्या कुप्या. वॉर्डाच्या दारातूनच म्हणायच्या, आणलं बरं औषध. सिस्टरसुद्धा म्हणायला लागली, दीदी आ गईं, अब शुरू करते हैं. मी सकाळी सहाला येऊन अंग पुसलेलं, चहा पाजलेला, चादर बदललेली. पण दिवस सुरू व्हायचा तो ताई आल्यावर.

ड्रिप दोनदा असायची, सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. आधी ह्यांचं हृदय तपासून घेतलं होतं, कमजोर हृदयाला ते औषध झेपत नाही म्हणे. सिस्टर घड्याळ लावून थेंब मोजायची. औषध चढायला लागलं की ह्यांचा चेहरा लाल व्हायचा, कान तापायचे, हाताच्या शिरेवर लाल रेघ उठायची. डोकं ठणकलं की सिस्टर थेंब कमी करायची. सोबत रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, शुगरचं इंजेक्शन. एका पेशंटजवळ एकच स्टूल. ते अर्थातच ताईंचं. वयानं मोठ्या, गुडघे दुखतात, मीच ओढून द्यायचे. अन् मग चार तास उभी राहून बघायचे, की त्या पलंगाच्या पायथ्याशी बसल्यात अन् ह्यांचं दुखरं पाऊल त्यांच्या ओंजळीत आहे.

बिडीचं तिथंच झालं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की एक जरी बिडी ओढली तरी हे सगळं औषध पाण्यात. मी हात जोडले. रडले. मुलगा बंगळुरूला असतो, त्याला फोनवर बोलायला लावलं. तो बिचारा अर्ध्या मराठीत अन् अर्ध्या हिंदीत बापाला समजावून थकला. हे हो हो म्हणायचे, अन् उशीच्या खोळीत बंडल सापडायचं. तिसऱ्या दिवशी ताईंनी काहीही न बोलता हात पुढं केला. नुसता हात, तळवा वर. ह्यांनी खोळीतून बंडल काढलं अन् त्या हातावर ठेवलं. त्यानंतर आजपर्यंत बिडीला शिवले नाहीत.

नवऱ्याची बिडी सुटली म्हणून देवाला साखर ठेवायची, का बहिणीच्या हातानं सुटली म्हणून भिंतीवर डोकं आपटायचं? मी साखर ठेवली. पण मनात काय चाललं होतं ते देवालाही कळलं असेल.

एकदा ताईंना ताप आला. मला फोन केला, औषध घेऊन जा. दीक्षितपुऱ्यात गेले, फ्रिज उघडला. एक पूर्ण कप्पा मोकळा करून त्यात तो डबा ठेवला होता, अन् डब्यावर हळद-कुंकू वाहिलेलं. आधी मला गलबलून आलं. अन् लगेच चिडले, की पाहा, हे आपल्याला नाही सुचलं. त्या दिवशी थर्मास माझ्या हातात होता. दारातून मी म्हटलंसुद्धा, आणलं बरं औषध. स्टुलावर बसले. पाऊल ओंजळीत घेतलं. तासाभरातच ह्यांचं डोकं भयंकर दुखायला लागलं, घाम फुटला, बीपी खाली गेलं. सिस्टर धावत आली, ड्रिप बंद केली. घाबरू नका, होतं कधी कधी, म्हणाली, थांबून हळू देऊ. ह्यांचे डोळे मिटलेलेच होते. तशातच विचारलं, ताई कुठं आहे?

मी सांगितलं, ताप आलाय. मग उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्या स्टुलावर मला बसवेना.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून फरक पडायला लागला. हे पाय वर घेऊन सरळ आडवे झोपले. कितीतरी आठवड्यांनी. कण्हणं थांबलं. जखमेची कडा, जी राखेसारखी होती, ती लालसर व्हायला लागली. अन् पाऊल अर्ध्यापर्यंत कोमट लागायला लागलं. मला सकाळी अंग पुसतानाच लागलं होतं ते. पण वाटलं, भास असेल, कुठं बोलायचं. नवाला ताई आल्या, हात लावला अन् सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, आज पाय कोमट लागून राहिला. डॉक्टरांनीही मान डोलावली. शोध त्यांच्या नावावर लागला.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मला सोसवेना ती त्यांची कुजबुज. दुपारच्या ड्रिपला मी डबा धुवायला, औषधाची चिठ्ठी घ्यायला म्हणून बाहेर जायचे, अन् परत आले की दोघं बोलता बोलता गप्प व्हायचे. रोज. एकदा मी पडद्याबाहेरच थांबले. ताई दात आवळून म्हणत होत्या, "इतका कसा रे बेअक्कल तू? लहान आहेस का? आपल्या हातानं पाय घालवून बसला." अन् हे म्हणाले, "चुकलं ताई."

म्हणजे सांगितलं तर. पाण्याचं सांगितलं. अन् चुकलं म्हणजे काय चुकलं? माझ्यासारखीच्या हाती पाय दिला ते चुकलं. कदाचित त्याच्याही आधीचं काही, लग्नाचंच म्हणत असतील. मी पडदा सारून आत गेले. ताईंनी लगेच तोंडावर हसू आणलं अन् म्हणाल्या, "जेवली का गं तू?"

त्या हसण्यानं मी जळाले. त्या दिवसापासून रोज वाट पाहायचे, की आता ही बाई मला बोलेल, आता जाब विचारेल. त्या काही बोलायच्या नाहीत. उलट माझ्यासाठी घरून भाकरी आणायच्या. स्वेटर आणला एकदा. मला वाटायचं, सगळं ठाऊक असून ही मला माफ करून राहिली, तेही गुपचूप, उपकार न दाखवता. पोहे तिचे, बिडी तिची, औषध तिच्या फ्रिजमधलं. आता मोठेपणाही तिलाच?

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी निर्णय सांगितला. औषधानं काम केलंय, म्हणाले, पाऊल राहील असं दिसतंय. पण ती दोन बोटं मेली आहेत, ती उद्या सकाळी काढावी लागतील. पाऊल राहिलं, हे इथंच सांगून टाकते; आज हे काठी टेकत भाजी घेऊन येतात. पण त्या दिवशी आम्हाला उद्याचं काय ठाऊक. कापायला घेतलं अन् आणखी वर कापावं लागलं तर? फॉर्मवर सही मी केली. मी सही करत असताना ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सहन झाला नाही.

दुपारची शेवटची ड्रिप लागली होती. ताई बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या कूलरपाशी थर्मास विसळत होत्या. मी गेले अन् समोर उभी राहिले. पश्चात्तापानं गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी त्यांच्या हातातून ती माफी काढून घ्यायला गेले होते.

मी म्हटलं, "ताई, तुम्हाला ठाऊक आहे हे मला माहीत आहे. पाय मी भाजला. पाडव्याला. कढत पाणी मी टाकलं."

ताईंचा हात नळाखाली तसाच राहिला. "काय बोलून राहिली तू?"

"तुम्हाला ह्यांनी सांगितलंच असेल."

"त्यानं तर सांगितलं, थंडी वाजत होती म्हणून स्वतःच शेगडीवर पाय धरला. भाऊबीजेला मीच विचारलं होतं, पाणी-बिणी तर नाही पडलं? नाही म्हणाला. माझी शपथ घातली तरी नाही म्हणाला."

थर्मास भरून वाहायला लागला होता. मी नळ बंद केला.

"मी रोज त्याला बोलून राहिली होती," ताई म्हणाल्या. "त्या शेगडीवरून. रोज. अन् तो ऐकून घेत होता." मग म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोलला. माझ्याशी."

मला वाटलं होतं, आता माझ्यावर ओरडतील. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. वॉर्डाच्या दाराकडे बघत होत्या, अन् त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चांगलंच ओळखलं. मी स्वतः इतकी वर्षं दर रविवारी दुपारी तोच चेहरा घेऊन ताट वाढलं होतं. अन् मला आनंद झाला. लपवून काय करू? उद्या माझ्या नवऱ्याची दोन बोटं कापायची होती, सत्तरी ओलांडलेली ती बाई भिंतीला टेकून उभी होती, अन् मला नवी नवरी असल्यासारखा आनंद झाला. हा माणूस जिच्याशी जन्मात खोटं बोलला नाही तिच्याशी माझ्यासाठी बोलला. तिची शपथ मोडून बोलला. तीन आठवडे तिच्या शिव्या खाल्ल्या अन् माझं नाव निघू दिलं नाही.

ताईंनी थर्मास पुसला, पिशवीत घातला अन् आत न जाता जिन्यानं खाली उतरून गेल्या. भावाला न सांगता निघाल्या, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी आत गेले. स्टूल ओढलं, बसले, पाऊल ओंजळीत घेतलं. ड्रिप संपत आली होती. ह्यांनी दाराकडे पाहिलं अन् विचारलं, ताई कुठं आहे? मला त्या दिवशी त्या प्रश्नाचा राग आला नाही. मी म्हटलं, घरी गेल्या. मी सांगितलं त्यांना, पाण्याचं. त्यांना कळलं तुम्ही काय केलं ते.

मला वाटलं, हे माझ्याकडे बघतील. हात धरतील कदाचित. ह्यांनी माझ्या ओंजळीतला पाय हळूच काढून घेतला. जागा बदलावी तसा, रागानं नाही. मग म्हणाले,

"काहून सांगितलंस? जन्मात एकदाच खोटं बोललो मी तिच्याशी, तुझ्यासाठी. तेही तू राहू दिलं नाहीस."